पृष्ठभागाचा माग

२६ एप्रिल १९५७ रोजी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरील केप कॅनाव्हरल येथून अमेरिकी लष्कराचे ‘ज्युपिटर’ क्षेपणास्त्र झेपावले आणि ९३व्या सेकंदाला हवेतच मोडून पडले. या मालिकेतले हे दुसरे उड्डाण. पहिले शेपटाकडचा भाग तापल्यामुळे फसले होते. या खेपेला दोषी ठरला तो टाक्यांमधला द्रव. इंधन जळत जाते तसतशी टाकी रिकामी होते, वर मोकळी जागा तयार होते आणि उरलेला द्रव डचमळू लागतो. काही टन द्रव एका बाजूला सरकला की क्षेपणास्त्र किंचित कलते. कललेले पाहून नियंत्रण यंत्रणा इंजिनाचे तोंड वळवते, त्या धक्क्याने द्रव दुसऱ्या बाजूला उसळतो, यंत्रणा पुन्हा इंजिन वळवते. दोघांची लय जुळली तर ज्या यंत्रणेने तोल सावरायचा तीच झोका वाढवत नेते.

हंट्सव्हिलमधल्या व्हेर्नर फॉन ब्राऊन यांच्या चमूने टाक्यांत अडसर बसवले आणि महिनाभराने, ३१ मे रोजी, पुढचे ज्युपिटर नीट उडाले. इंजिनिअर या अडसरांना बॅफल म्हणतात. टाकीच्या आतल्या भिंतीला लावलेल्या कड्या किंवा भोकाभोकांच्या पट्ट्या असे त्यांचे रूप असते. भरलेला हंडा डोक्यावरून आणताना पाण्यावर पाल्याची डहाळी टाकायची आपल्याकडची रीत याच जातीची: लाटेला उभे राहायला मोकळी जागा द्यायची नाही. मात्र बॅफलला वजन असते आणि रॉकेटमध्ये वाढवलेला प्रत्येक किलो वर न्यायच्या सामानातून वजा होतो. त्यामुळे कड्या किती, कुठे आणि केवढ्या रुंद, हे आधी कळणे गरजेचे होते. उत्तरासाठी दर वेळी एक क्षेपणास्त्र गमावणे परवडणारे नव्हते.

लहान लाटांचे गणित तेव्हा चांगलेच जुने झाले होते. एक मीटर लांबीची चौकोनी टाकी अर्धा मीटर भरली, तर पाण्याचा एक हेलकावा साधारण १.२ सेकंदांत पुरा होतो. हीच टाकी ४० मीटर लांब आणि पाणी २० मीटर खोल केले, तर त्याला सुमारे साडेसात सेकंद लागतात. ही उत्तरे कागद-पेन्सिलीने काढता येतात. साठच्या दशकात टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये नॉर्मन अ‍ॅब्रॅम्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या आकारांच्या टाक्या हलवून मोजमापे घेतली. १९६६ साली अ‍ॅब्रॅम्सन यांच्या संपादनाखाली नासाने या विषयाचा जाडजूड ग्रंथ काढला. त्यातली सर्वांत उपयोगी युक्ती अशी की डचमळणाऱ्या द्रवाच्या जागी टाकीत एक लंबक टांगला आहे असे समजायचे. लंबकाचे वस्तुमान आणि दोरीची लांबी बरोबर निवडली, की नियंत्रण यंत्रणेच्या दृष्टीने द्रव आणि लंबक यांत फरक उरत नाही. रॉकेटच्या नियंत्रणाची आखणी आजही या लंबकापासून सुरू होते.

भूकंपाच्या अभ्यासकांनी याच काळात, याच वळणाचा विचार केला. कॅलिफोर्नियाच्या कॅलटेकमधले जॉर्ज हाउसनर यांनी १९५७ आणि १९६३ च्या लेखांत टाकीतल्या पाण्याचे मनोमन दोन भाग केले. तळाकडचे पाणी भिंतींबरोबर घट्ट हलते, वरचे स्वतःच्या संथ लयीत हेलकावते. आपल्या उंच जलकुंभांच्या मानकात हा विचार यायला फार उशीर झाला. १९८४ च्या भारतीय मानकात उंच टाकीतले सारे पाणी एकाच गोळ्यासारखे धरले होते. २००१ च्या भूज भूकंपानंतर गुजरात राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणासाठी आयआयटी कानपूरने जी मार्गदर्शिका काढली, ती सुधीर जैन आणि नागपूरच्या व्हीएनआयटीतील ओ. आर. जयस्वाल यांनी लिहिली. तिच्यात दोन भागांचे हे पाणी नीट मांडलेले आहे आणि २०१४ च्या मानकातही ते आले. गावोगावच्या जलकुंभांसाठी महागड्या संगणकाची गरज नव्हती. साठीतले हे साधे गणित वेळेवर उचलायला हवे होते.

लंबकाची मर्यादा मात्र स्पष्ट आहे. लाट लहान असेतो तो खरा. लाट वाढली, भिंतीवर चढली, कोसळली, तिच्यातून थेंब उडाले किंवा हवा आत अडकली, की लंबक काहीच सांगू शकत नाही. खरी अडचण समीकरणांची नव्हती. द्रवाच्या गतीची नेव्हियर-स्टोक्स समीकरणे एकोणिसाव्या शतकातच तयार झाली होती. अडचण ही, की ती सोडवायला द्रवाची सीमा ठाऊक असावी लागते. टाकीच्या भिंती ठाऊक असतात, पण वरचा मोकळा पृष्ठभाग कुठे आहे हे द्रव कसा वाहिला त्यावर ठरते, आणि द्रव कसा वाहणार हे पृष्ठभाग कुठे आहे त्यावर. जुन्या गणितज्ञांनी ही गाठ न सोडवता बाजूला ठेवली. पृष्ठभाग स्थिर पातळीपासून फारसा हलत नाही असे धरून ते पुढे गेले. गाठीला हात घातला तो एका भलत्याच कामासाठी उभारलेल्या संस्थेतल्या लोकांनी.

न्यू मेक्सिकोतले लॉस अ‍ॅलामॉस हे दोन हजार मीटरांहून उंच पठारावरचे, अणुबॉम्बसाठी वसवलेले गाव. १९५३ मध्ये सिअ‍ॅटलकडचा फ्रान्सिस हार्लो नावाचा पंचविशीतला भौतिकशास्त्रज्ञ तिथे नोकरीला लागला. त्याच वर्षी तिथे आयबीएमचा ७०१ संगणक आला. त्याच्या स्मृतीत ३६ बिटांचे २,०४८ शब्द मावत. आज मोबाइलवरच्या एका छोट्या चित्रालाही याहून अधिक जागा लागते. बॉम्बच्या गणितात निरनिराळे पदार्थ प्रचंड दाबाखाली एकमेकांत घुसतात. संगणकात हे मांडायच्या तेव्हा दोन रीती होत्या. एकीत जाळी पदार्थाबरोबर वाहते. सीमा स्पष्ट राहते, पण पदार्थ पिळवटला की जाळीचा गुंता होतो. दुसरीत जाळी जागच्या जागी राहते आणि पदार्थ तिच्यातून वाहतो. इथे गुंता नाही, पण दोन पदार्थांमधली सीमा हळूहळू पुसट होत जाते.

हार्लो यांनी दोन्हींतले हवे ते घेतले. जाळी स्थिर ठेवली आणि पदार्थ कणांच्या रूपाने तिच्यातून सोडला. कोणता कण कोणत्या पदार्थाचा हे संगणक लक्षात ठेवतो, त्यामुळे सीमा कधीच हरवत नाही. ही ‘पार्टिकल-इन-सेल’ पद्धत १९५५ च्या अहवालात आली. हार्लो यांच्याभोवती जमलेल्या छोट्या गटाला टी-३ हे रुक्ष नाव होते. द्रवांच्या संगणकीय अभ्यासाचा इतिहास सांगताना आपण संगणकांच्या वेगाविषयी भरभरून बोलतो आणि या गटाविषयी फार कमी, हे मला नेहमी खटकते. आज जगभर रोज चालणाऱ्या कितीतरी पद्धतींचे मूळ त्या काही खोल्यांत आहे.

स्फोटात पदार्थ दबतो, पाणी जवळपास दबत नाही, त्यामुळे पाण्याला वेगळी पद्धत हवी होती. हार्लो आणि जे. एडी वेल्श यांनी ती डिसेंबर १९६५ च्या ‘फिजिक्स ऑफ फ्लुइड्स’मध्ये मांडली. नाव ‘मार्कर-अँड-सेल’, सगळे तिला मॅक म्हणतात. कल्पना अशी: टाकीची जागा चौकोनी घरांत विभागायची. दाब घराच्या मध्यावर लिहायचा आणि वेग मात्र मध्यावर न लिहिता घराच्या कडांवर लिहायचा, म्हणजे जिथून पाणी खरोखर आत-बाहेर करते तिथे. ही मांडणी दिसायला क्षुल्लक आहे, पण सारे तिच्यावर उभे आहे. दाब आणि वेग एकाच बिंदूवर ठेवले तर शेजारशेजारच्या घरांत खोटे, आलटून पालटून चढउतार उमटतात आणि गणिताला ते खोटे आहेत हे कळतही नाही. कडांवरच्या वेगांमुळे घरात आले तेवढे पाणी बाहेर गेले का, याचा हिशेब चोख राहतो. तो जुळेपर्यंत संगणक दाब दुरुस्त करत राहतो.

पृष्ठभागासाठी पाण्यात खुणेचे ठिपके सोडायचे. त्यांना वजन नाही, ते कशालाही ढकलत नाहीत, फक्त पाण्याबरोबर वाहतात. ज्या घरात ठिपके आहेत ते पाण्याचे, ज्यात नाहीत ते रिकामे. ठिपके असलेल्या घराला रिकामे घर लागून असेल तर पृष्ठभाग तिथे. प्रत्येक लहानशा कालखंडानंतर ठिपके पुढे सरकवायचे आणि पृष्ठभाग नव्याने ओळखायचा. पृष्ठभागाचे सूत्र मांडायचा हट्टच हार्लो-वेल्श यांनी सोडला, म्हणून तो हाती लागला. लाट कोसळली, पाण्याचे दोन तुकडे होऊन पुन्हा एक झाले, तरी पद्धतीला काही वेगळे करावे लागत नव्हते.

ठिपक्यांचा आणखी एक गुण निघाला: ते दिसत. संगणकाला जोडलेल्या यंत्रात पडद्यावर ठिपके उमटत आणि त्यांचा फोटो फिल्मवर घेतला जाई. एकामागून एक चौकटी जोडल्या की पाण्याचा चित्रपट तयार. फळी काढताच कोसळणारा पाण्याचा स्तंभ, दाराखालून सुटणारा लोंढा, उथळ पाण्यात पडून मुकुटासारखा उसळणारा थेंब, ही दृश्ये पहिल्यांदा कोणत्याही पाण्याशिवाय पाहायला मिळाली. १९६५ मध्येच ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये हार्लो आणि जेकब फ्रॉम यांनी द्रवांवरच्या संगणकीय प्रयोगांविषयी सर्वसामान्य वाचकांसाठी लेख लिहिला. प्रयोग हा शब्द त्यांनी जाणीवपूर्वक वापरला होता. सगळ्यांना तो मान्य नव्हता. सुरुवातीला शास्त्रीय नियतकालिकांचे परीक्षक या पद्धतींकडे संशयाने पाहत, असे हार्लो यांनी पुढे आठवणींत नोंदवले आहे. द्रवगतीशास्त्रात तोवर दोनच प्रतिष्ठित वाटा होत्या, सुंदर सूत्र किंवा प्रयोगशाळेतले हौद. आकड्यांच्या ढिगातून आलेले उत्तर विश्वासार्ह मानावे का, हा प्रश्न चुकीचा नव्हता. त्याला उत्तर तुलनेनेच मिळणार होते. कोसळणाऱ्या पाण्याच्या स्तंभावर मार्टिन आणि मॉइस यांनी १९५२ साली नीट मोजून प्रसिद्ध केलेले प्रयोग हाताशी होते. पाण्याचे टोक किती वेळात किती पुढे गेले, याच्याशी संगणकाचे आकडे ताडून पाहता येत होते. ही कसोटी आजही प्रत्येक नव्या पद्धतीला द्यावी लागते.

हार्लो हे केवळ गणिती नव्हते. न्यू मेक्सिकोतल्या प्वेब्लो आदिवासींच्या मृत्पात्रांचे ते जाणकार होते, त्यावर त्यांनी पुस्तके लिहिली आणि चित्रेही काढली. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय समजले असे न मानणाऱ्या माणसाने पाण्यात ठिपके सोडावेत, यात मला विसंगत काही वाटत नाही.

या पद्धती रॉकेटांच्या टाक्यांपर्यंत पोचायला वेळ लागला. अपोलोच्या काळात लंबक आणि प्रयोग यांच्यावरच भिस्त होती. २० जुलै १९६९ रोजी नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन चंद्रावर उतरत असताना इंधन संपत आल्याचा दिवा वेळेआधीच लागला, कारण टाकीतला द्रव हेलकावत होता आणि संवेदक मधूनच उघडा पडला होता. ह्यूस्टनमधल्या लोकांनी श्वास रोखून मोजलेली सेकंदे प्रत्यक्षात होती त्याहून कमी मोजली गेली. अपोलो १४ पासून त्या टाक्यांत जादा बॅफल आले.

त्याहून अवघड प्रश्न वजनरहित अवस्थेतला होता. ११ डिसेंबर १९६४ च्या अ‍ॅटलस-सेंटॉर उड्डाणात सेंटॉरचे इंजिन ठरल्याप्रमाणे बंद झाले आणि टाकीतला द्रव हायड्रोजन पुढच्या टोकाकडे सरकला. वायू बाहेर सोडायच्या झडपेतून द्रवच बाहेर पडू लागला, यान गिरक्या घेऊ लागले आणि इंजिन पुन्हा पेटले नाही. वजन जाणवत नाही तिथे द्रवाने कुठे राहायचे हे पृष्ठताण ठरवतो आणि तिथे लंबकाला टांगायला खुंटीच नसते. क्लीव्हलंडच्या नासा केंद्रात जमिनीत खोल विहीर खोदून द्रव भरलेली भांडी १३२ मीटर खाली सोडत. एवढ्या खटाटोपातून वजनरहित अवस्था मिळे ती ५.१८ सेकंद.

मॅकच्या ठिपक्यांत दोन उणिवा होत्या. पाणी ताणले गेले की ठिपके विरळ होत आणि मध्येच नसलेली पोकळी दिसू लागे. शिवाय ते स्मृती खात. समजा जाळी ५० बाय ५० घरांची आहे आणि प्रत्येक घरात चार ठिपके आहेत, तर त्यांच्या जागा लिहायलाच २०,००० आकडे लागतात. तिन्ही मितींत हा बोजा अवाढव्य होई. याच टी-३ गटातल्या सिरिल हर्ट आणि बिली निकोल्स यांनी ठिपके काढून टाकले. घराचा किती भाग भरलेला आहे, एवढा एकच आकडा प्रत्येक घरात ठेवायचा. एक म्हणजे पूर्ण भरलेले, शून्य म्हणजे रिकामे, मधले काही म्हणजे पृष्ठभाग या घरातून जातो. वीस हजारांच्या जागी अडीच हजार आकडे पुरले.

खोच पुढे होती. अपूर्णांक सरळ पुढे वाहू दिले तर काही पावलांतच सगळीकडे पाव, अर्धा, पाऊण असा धुरळा होतो आणि पृष्ठभाग नाहीसा होतो. म्हणून शेजारच्या घरांतले आकडे पाहून पृष्ठभाग उभा आहे की आडवा याचा अंदाज घ्यायचा आणि देणाऱ्या घरातून घेणाऱ्या घरात त्या आकाराला धरूनच द्रव द्यायचा. १९८१ च्या ‘जर्नल ऑफ कॉम्प्युटेशनल फिजिक्स’मधला ‘व्हॉल्यूम ऑफ फ्लुइड’ पद्धतीवरचा हा लेख पुढे हजारो शोधनिबंधांनी आधाराला घेतला. या कामामागची निकड रॉकेटांची नव्हती, अणुभट्टीच्या सुरक्षेची होती: अपघातात वाफ पाण्याच्या हौदात घुसली तर हौदाचे काय होईल? टाकीतला द्रव कोणत्या कारणाने उसळला याच्याशी पद्धतीला कर्तव्य नव्हते. १९८५ मध्ये लॉस अ‍ॅलामॉसने क्लीव्हलंडच्या केंद्रासाठी तिचीच पृष्ठताणासह आवृत्ती केली आणि विहिरीतल्या पाच सेकंदांशी संगणकाचे उत्तर ताडता येऊ लागले. हर्ट यांनी १९८० मध्ये स्वतःची कंपनी काढली. तिचे ‘फ्लो-३डी’ हे सॉफ्टवेअर आजही ओतकामाच्या कारखान्यांपासून धरणांच्या सांडव्यांपर्यंत चालते.

सरकारी पैशाने लिहिलेल्या या गटाच्या कितीतरी पद्धती अहवालांतून सविस्तर छापल्या गेल्या, म्हणूनच त्या इतक्या दूर पोचल्या असे मला ठामपणे वाटते. १९९६ मध्ये निक फॉस्टर आणि दिमित्री मेटाक्सास यांनी चित्रपटांसाठी द्रवांचे खरेखुरे वाटणारे हालचालचित्रण मांडले, ते तीस वर्षे जुन्या मॅकच्या जाळीवर. पडद्यावर खवळणारे कितीतरी समुद्र हार्लो-वेल्श यांच्या कडांवरच्या वेगांनी हलतात.

आता दोन घटना, कारण त्यांच्यामुळे या पद्धतींची खरी किंमत कळते.

पहिली २१ मार्च २००७ ची. प्रशांत महासागरातल्या क्वाजालीन प्रवाळद्वीपांवरून स्पेसएक्सचे ‘फाल्कन १’ दुसऱ्यांदा उडाले. पहिल्या टप्प्याच्या टाकीत बॅफल होते, दुसऱ्या टप्प्याच्या द्रव ऑक्सिजनच्या टाकीत नव्हते. उड्डाणापूर्वीच्या सिम्युलेशननुसार हेलकावे नियंत्रण यंत्रणा शमवू शकणार होती. उड्डाणात टप्पे वेगळे होताना इंजिनाचे नळकांडे पहिल्या टप्प्याला घासले. यानाला मार्गावर परत आणण्यासाठी जोराचे वळण घ्यावे लागले. त्या धक्क्याने ऑक्सिजन उसळला आणि त्याचा झोका नियंत्रणाच्या लयीशी जुळला. दुसरा टप्पा गरगरू लागला, कक्षा हुकली. पन्नास वर्षांपूर्वी ज्युपिटरला जे झाले तेच पुन्हा झाले होते. कंपनीने स्वतःच सांगितले की गणितात ही टक्कर आणि ते वळण धरलेले नव्हते. संगणकाने दिलेले उत्तर विचारलेल्या प्रश्नापुरते बरोबर होते. दुसऱ्या टप्प्यात बॅफल बसवले गेले आणि २८ सप्टेंबर २००८ रोजी चौथे फाल्कन १ कक्षेत पोचले.

दुसरी जपानची. २६ सप्टेंबर २००३ रोजी होक्काइदोजवळच्या समुद्रात आठच्या आसपास महत्तेचा भूकंप झाला. केंद्रापासून दोनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या तोमाकोमाईच्या तेलशुद्धीकरण केंद्रात इमारती फारशा हलल्या नाहीत, पण अजस्र टाक्यांतले तेल काही सेकंदांच्या संथ लयीत हेलकावू लागले. जमिनीच्या लांब लाटांचीही लय तीच होती. तरंगती छते मोडली, तेल वर आले. एक टाकी त्याच दिवशी पेटली आणि दोन दिवसांनी नॅफ्थाची दुसरी पेटून ४४ तास जळत राहिली. हेलकाव्याचा काळ हाउसनर यांच्या सूत्राने आधी काढता येतच होता. छत कुठे आपटेल, कुठे फाटेल आणि ते बुडले की काय होईल, हे मात्र त्या सूत्रात बसत नव्हते.

द्रवरूप नैसर्गिक वायूची जहाजे हा या विषयातला आजचा सर्वांत मोठा ग्राहक आहे. १९६९ मध्ये अलास्काहून जपानला वायू नेऊ लागलेल्या ‘पोलर अलास्का’च्या टाकीत हेलकाव्यांमुळे नुकसान झाले, तेव्हा उद्योगाला याची पहिली मोठी चुणूक मिळाली. ४० मीटर लांब टाकीसाठी वर काढलेले साडेसात सेकंद आठवा. समुद्राच्या लाटांची लय याच्याच आसपास असते. म्हणून पातळ पोलादी अस्तराच्या टाक्या एरवी जवळजवळ भरलेल्या किंवा जवळजवळ रिकाम्याच ठेवतात. नियम सांगतात की पातळी टाकीच्या लांबीच्या १० टक्क्यांहून कमी किंवा उंचीच्या ७० टक्क्यांहून अधिक हवी.

अशा टाकीत लाट भिंतीवर आदळते त्या क्षणाचा दाब संगणकाला अजूनही विश्वासाने सांगता येत नाही. आदळणाऱ्या लाटेच्या तोंडाशी वायूचा बुडबुडा अडकतो की निसटतो, त्याचा आकार काय, यावर दाब कित्येक पटींनी बदलतो आणि तोच प्रयोग पुन्हा केला तरी तीच संख्या येत नाही. लाटेचा सारा प्रवास संगणक बरोबर दाखवतो, तिचा शेवटचा हातभर टप्पा नाही. त्यामुळे पॅरिसजवळच्या जीटीटी कंपनीच्या प्रयोगशाळेत चाळीसपट लहान केलेल्या टाक्या सहा पायांच्या यंत्रांवर ठेवून तासन्‌तास हलवल्या जातात, त्यांच्या भिंतींवरचे दाबमापक हजारो आघात नोंदवतात आणि जहाजाची टाकी किती मजबूत हवी हे त्या नोंदींच्या संख्याशास्त्रावरून ठरते. कोणत्या पातळीला, कोणत्या समुद्रात, कोणत्या कोनातून टाकी हलवून पाहायची हे निवडायला मात्र आता संगणकाची मोठी मदत होते, आणि त्या संगणकांतल्या कितीतरी जाळ्यांत घराघरांत एकेक अपूर्णांक लिहिलेला असतो.